‘माध्यम साक्षरता’ म्हणजे नक्की कुठलं माध्यम?

मृण्मयी_ज
मंडळी, एका शिक्षक-हस्तपुस्तिकेचं मराठीकरण करते आहे आणि दोन शब्दांपाशी अडले आहे. विषय मीडिया लिटरसी. बातमी, जाहिरात, व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ यांच्याकडे मुलांनी कसं बघावं, आणि ते शिकवायला शिक्षकांनी स्वतःची तयारी कशी करावी. युनेस्कोने २०११ साली खास शिक्षकांसाठी या विषयाचा अभ्यासक्रम काढला, २०२१ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. आमची पुस्तिका त्याच्याच आधाराने बेतली आहे.

अडचण पहिली. मसुद्यात ‘माध्यम साक्षरता’ असं लिहून तो जिल्हा परिषदेच्या काही शिक्षकांना वाचायला दिला, तर पहिलाच प्रश्न आला, “मॅडम, हे सेमी इंग्रजीच्या वर्गांसाठी आहे का?” शाळेत माध्यम म्हणजे मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम. दुसऱ्या बाईंनी ते ‘माध्यमिक साक्षरता’ असं वाचलं आणि आपण प्राथमिकच्या म्हणून मसुदा बाजूला ठेवला.

अडचण दुसरी, ‘प्रोफेशनल लर्निंग’. ‘शिक्षकांचे व्यावसायिक शिक्षण’ म्हटलं तर डोळ्यांसमोर आयटीआय येते. सरकारी शब्द ‘सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास’, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने दरवर्षी किमान ५० तास सांगितलेत तो. पण मूळ लेखकाने ‘ट्रेनिंग’ आणि ‘डेव्हलपमेंट’ दोन्ही टाळून मुद्दाम ‘लर्निंग’ म्हटलं आहे. शिक्षकाने सहकाऱ्यांबरोबर, स्वतःच्या वर्गात करून बघत शिकणं त्यात अभिप्रेत आहे. काय म्हणावं?

मुद्रितशोधक_निवृत्त
शब्द सुचवण्याआधी लेखन सुधारा. ‘माध्यमसाक्षरता’ हा समास आहे, तो जोडून लिहायचा. तोडून लिहिला की वाचक ‘माध्यम’पाशी थांबतो आणि मनात मराठी-इंग्रजी येतं. जोडला की डोळा सबंध शब्द घेतो. ‘जलसाक्षरता’ आपण तोडत नाही.

अदिती_वृत्तसंपादन
काका, जोडून लिहिल्याने वाचायला सोपं होईल, पण अर्थ बदलणार नाही. बोलताना जागा दिसत नाही. केंद्रप्रमुख फोनवर सांगणार, “उद्या माध्यमसाक्षरतेला या,” आणि ऐकणारा तेच समजणार. सरळ ‘मीडिया साक्षरता’ लिहा. ‘मीडिया’ आज खेड्यातल्या आजीलाही कळतो. “मीडियावाले आलेत,” असं लोक रोज म्हणतात.

फोंडेकर
गोव्यातून भर घालतो. आमच्याकडे ‘माध्यम’ हा नुसता शाळेच्या पाटीवरचा शब्द नाही. २०११ चं माध्यम आंदोलन आठवा. प्राथमिक शाळांना अनुदान कोंकणी-मराठीलाच द्यायचं की इंग्रजीलाही, यावरून घराघरांत वाद झाले. अजूनही ‘माध्यमप्रश्न’ म्हटलं की तोच. माध्यमसाक्षरतेची कार्यशाळा जाहीर केलीत तर दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने येतील आणि कुणालाच बातम्यांबद्दल ऐकायचं नसेल.

मुद्रितशोधक_निवृत्त
अदिती, तुमचाच दाखला तुमच्याविरुद्ध जातो. लोक ‘मीडियावाले’ म्हणतात तेव्हा त्यांना कॅमेरा घेऊन आलेली माणसं दिसतात. जाहिरात, भिंतीवरचं पोस्टर, पाठ्यपुस्तकातलं चित्र, चुलत्याने पाठवलेला संदेश ही त्यांच्या लेखी मीडिया नव्हे. ‘मीडिया साक्षरता’ म्हटलंत की शिक्षक पत्रकारांना शहाणं करण्याचा तास घेतील. ‘प्रसारमाध्यम’ असा घडीव शब्द असताना परका कशाला?

अदिती_वृत्तसंपादन
कारण ‘प्रसारमाध्यम’मध्ये व्हॉट्सॲप बसत नाही. त्यासाठी ‘समाजमाध्यम’ घडवला. मग दोन्ही मिळून काय, ‘प्रसार-समाज-माध्यम-साक्षरता’? शब्द शुद्ध ठेवायचा म्हणून शिक्षकाच्या तोंडात बसेनासा करायचा हे मला पटत नाही.

बखरकार
सगळे ‘माध्यम’वर तुटून पडलेत, ‘साक्षर’कडे कुणी बघत नाही. जुनं सुभाषित आहे: साक्षरा विपरीताश्चेत् राक्षसा एव केवलम्, सरसो विपरीतश्चेत् सरसत्वं न मुञ्चति. ‘साक्षरा’ उलटं वाचलं तर ‘राक्षसा’, ‘सरस’ उलटं वाचलं तरी सरसच. नुसती अक्षरं येऊन माणूस शहाणा होत नाही हे त्या कवीला ठाऊक होतं. आज खोटे संदेश पाठवणारे बहुतेक लिहिता-वाचता येणारेच असतात. म्हणून मी ‘माध्यमभान’ सुचवतो. समाजभान, भाषाभान या ओळीत तो सहज बसतो.

उलटं वाचण्याचा विषय निघालाच आहे तर, ‘खबर’ हा शब्द उलटापालटा होऊन ‘बखर’ झाला अशी व्युत्पत्ती सांगतात. म्हणजे आपला इतिहास आणि आपली बातमी मुळात एकच.

मुद्रितशोधक_निवृत्त
ती व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण सर्वमान्य नाही. शिक्षकांच्या पुस्तिकेत घालू नका, नाहीतर पडताळणीच्या पुस्तिकेतच न पडताळलेली माहिती छापली जाईल. जुन्या पत्रांत बातमीला शब्द होता ‘वर्तमान’. “तिकडील वर्तमान लिहून पाठवणे.” त्यावरून ‘वर्तमानपत्र’. आजची मुलं त्याचा अर्थ ‘वर्तमानकाळाचं पत्र’ असा सांगतात. शाळेत शिकवायचंच तर आधी हे शिकवा.

सुमेधा_टोरंटो
‘भान’ला माझा विरोध आहे, आणि तो कामाच्या अनुभवातून आहे. मी ऑन्टारिओत शाळेत शिकवते. इथे १९८७ पासून हा विषय इंग्रजीच्या अभ्यासक्रमात आला. अमेरिकेत १९९२ साली ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या परिषदेत जी व्याख्या ठरली तिच्यात चार क्रिया आहेत: मिळवणं, उलगडणं, जोखणं आणि स्वतः तयार करणं. मुलगा स्वतः जाहिरात करून बघतो तेव्हा त्याला कळतं की चित्रात काय ठेवायचं आणि काय कापायचं हे कुणीतरी ठरवत असतं. साक्षर म्हणजे ज्याला वाचता *आणि* लिहिता येतं. ‘भान’मध्ये नुसतं वाचणं उरतं, लिहिणं गळून पडतं.

मृण्मयी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: इथे शिक्षकांसाठी पीए डे (प्रोफेशनल ॲक्टिव्हिटी डे) असतात, त्या दिवशी मुलांना सुट्टी आणि शिक्षक शाळेत. शिवाय ज्यादा पात्रतेचे अभ्यासक्रम. त्यांना मराठी शब्द मलाही सापडलेला नाही.

खान्देशी_गुरुजी
मी साक्री तालुक्यात शिकवतो. नेहमी फक्त वाचतो, आज लिहितो.

१ जुलै २०१८ ला आमच्या तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजारात पाच माणसं जमावाने मारली. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत आलेली. मोबाइलवर फिरत होतं की पोरं पळवणारी टोळी आली आहे. त्यानंतर व्हॉट्सॲपने एका वेळी पाच जणांनाच संदेश पुढे पाठवता येईल असं भारतात केलं. राईनपाड्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं मला विचारत होती, “सर, खरंच टोळी होती का?” माझ्याजवळ शिकवायला एक ओळ नव्हती. डीएडला कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या प्रशिक्षणात आलं नव्हतं.

म्हणून मला ‘साक्षरता’ की ‘भान’ यापेक्षा वेगळं विचारायचं आहे. ‘साक्षरता’ म्हटलं की शिक्षक मनातून दुखावतो. म्हणजे आम्ही निरक्षर का? प्रौढ साक्षरतेच्या सर्वेक्षणासाठी दारोदार फिरलेली माणसं आम्ही. पुस्तिका आमच्यासाठी असेल तर नाव असं द्या की हातात घ्यावीशी वाटेल. आणि आत शब्द असे वापरा जे मी पाचवीच्या पोराला उद्या सांगू शकेन.

मृण्मयी_ज
गुरुजी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. याला धरूनच विचारते. पुस्तिकेत खोट्या माहितीचे तीन प्रकार आहेत. २०१७ साली युरोप परिषदेसाठी झालेल्या अहवालापासून ही विभागणी रूढ झाली. एक, चुकीची माहिती जी पाठवणाऱ्याला खरीच वाटते. दोन, खोटी आहे हे माहीत असून मुद्दाम पसरवलेली. तीन, माहिती खरी, पण कुणाला इजा व्हावी म्हणून उघड केलेली. इंग्रजीत मिसइन्फर्मेशन, डिसइन्फर्मेशन, मालइन्फर्मेशन, तिन्ही शब्दांना एकच शेपूट आहे. आमच्या समितीने ‘अपमाहिती, दुर्माहिती, कुमाहिती’ असं केलं आहे. मला स्वतःलाच कुठली कोणती ते लक्षात राहत नाही.

बखरकार
समितीने हे कष्ट घ्यायला नको होते, मराठीत तिन्ही आहेत! पहिली *अफवा*. मूळ अरबी, ‘तोंड’ या शब्दाचं अनेकवचन. म्हणजे अनेक तोंडं. सांगणाऱ्याला वाईट हेतू असायला हवा असं नाही, तोंडातून तोंडात गेली इतकंच. दुसरी *कंडी*. कंडी उठत नाही, कंडी *पिकवतात*. क्रियापदातच कर्ता आहे. आणि तिसरी *चहाडी*. चहाडी खरी असू शकते, पण करणाऱ्याचा हेतू सरळ नसतो.

फोंडेकर
आणि *आवई*? *हूल*? *भुमका*? *वावडी*?

बखरकार
आवई आणि भुमका उठते, हूल देतात. वावडी म्हणजे पतंग, तिला दोरी धरणारा कुणीतरी असतो. बघा, प्रत्येकीचं क्रियापद वेगळं. या एका गोष्टीवर अख्खा तास होईल: मुलांना विचारा, ही उठली की कुणी उठवली?

अदिती_वृत्तसंपादन
हे सुंदर आहे, मनापासून सांगते. पण शहरातल्या मुलांना कंडी माहीत नाही. माझ्या मुलीला विचारलं, ती म्हणाली, “कँडी?” शुद्धतेच्या बाजूने नाही, वापराच्या बाजूने बोलते आहे. तिला ‘फेक’ कळतं.

मुद्रितशोधक_निवृत्त
माहीत नाही म्हणून शिकवायचं नाही? शाळा मग कशासाठी? ‘फेक’मध्ये हे तीनही प्रकार एकाच पोत्यात जातात. खरा व्हिडिओ दुसऱ्याच गावाचा म्हणून दाखवला तर तो फेक की खरा? मुलगी काय उत्तर देईल?

सुमेधा_टोरंटो
नेमकं हेच. २०१८ मध्ये भारतभर पोरं पळवण्याचा जो व्हिडिओ फिरला तो कराचीतल्या एका संस्थेची मुलांच्या सुरक्षिततेची जाहिरात होती. मोटरसायकलवरची माणसं मूल उचलतात, शेवटी परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. तो शेवट कापला. चित्रण जसंच्या तसं, अर्थ पूर्ण उलटा. ‘खरं की खोटं’ या प्रश्नाने हे सापडत नाही. ‘कुठून आलं, आधी काय होतं, नंतर काय होतं’ असं विचारावं लागतं.

खान्देशी_गुरुजी
आमच्या शिक्षण परिषदेत कुणी तरी पोस्टर आणलं होतं: दिसतं तसं नसतं, म्हणूनच जग फसतं. वर्गात लावलं. आठवड्याने पोरं म्हणायला लागली, सर, सगळंच खोटं असतं. वर्तमानपत्र खोटं, पुस्तक खोटं, डॉक्टरपण खोटं. लसीकरणाच्या वेळी मला तेच ऐकवलं. मी पोस्टर काढून टाकलं. संशय शिकवणं सोपं आहे, तपासणं शिकवायला वेळ लागतो.

तपासण्याला तुम्ही काय म्हणता? ‘तथ्यपडताळणी’ माझ्या पोरांना उच्चारता येत नाही.

अदिती_वृत्तसंपादन
आम्ही ‘फॅक्ट चेक’च छापतो. घरात ‘खात्री कर’ म्हणतो.

मुद्रितशोधक_निवृत्त
खातरजमा, शहानिशा, पडताळा. ‘पडताळा’मध्ये ‘ताळा’ आहे. गणितात उत्तराचा ताळा पाहायचा, तोच.

खान्देशी_गुरुजी
ताळा! हा माझ्या पोरांना येतो. वजाबाकी केली की बेरीज करून ताळा पाहतात. *बातमीचा ताळा.* उद्या फळ्यावर लिहितो.

सुमेधा_टोरंटो
गुरुजी, याला संशोधनाचाही आधार आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यपडताळणी करणारे आणि पंचवीस विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं जोखायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर वरून खाली वाचत राहिले, बोधचिन्ह आणि मांडणी बघून फसले. पडताळणी करणाऱ्यांनी ते पान जवळजवळ लगेच सोडलं आणि दुसरीकडे जाऊन त्या संस्थेबद्दल कोण काय म्हणतं ते पाहिलं. ताळा तसाच, त्याच रीतीने पुन्हा गणित करत नाही आपण, दुसऱ्या वाटेने येऊन उत्तर जुळतं का बघतो. या वाचनाला इंग्रजीत ‘लॅटरल रीडिंग’, म्हणजे आडवं वाचन, म्हणतात, मराठीत काय म्हणू?

फोंडेकर
“चार ठिकाणी विचार” म्हणा. आई हेच सांगायची.

बखरकार
चार ठिकाणी विचारून चारही एकाच गटातले निघाले तर?

मृण्मयी_ज
‘बातमीचा ताळा’ हे प्रकरणाचं नाव नक्की घेते, गुरुजींची परवानगी असेल तर. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरचं नाव मात्र अजून अधांतरी आहे. आणि ‘प्रोफेशनल लर्निंग’चं काय? सोमवारी मजकूर जुळणीला जायचा आहे.

अदिती_वृत्तसंपादन
‘शिक्षकांचं शिकणं’. मोठा शब्द हवाच कशाला?

मुद्रितशोधक_निवृत्त
मुखपृष्ठावर क्रियावाचक नाम ‘शिकणं’? निदान ‘शिकणे’ तरी करा. प्रमाणलेखनात अनुस्वार चालणार नाही.

खान्देशी_गुरुजी
परवानगी कसली मॅडम, घ्या. फक्त एक लिहा. अंकांची बेरीज करून पाहतात तो नवाचा ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबर असतंच असं नाही. ६३ च्या जागी पोराने ३६ लिहिलं तरी अंकांची बेरीज नऊच येते, ताळा जुळतो आणि उत्तर चुकलेलं राहतं. त्या कराचीच्या व्हिडिओसारखंच, अंक तेच, जागा बदललेल्या. म्हणून बातमीला नवाचा ताळा नको, वजाबाकीला बेरजेचा लावतो तसला हवा.

मुद्रितशोधक_निवृत्त
गुरुजी, हे बरोबर आहे. पण मग ‘ताळा’ हा मूळचा नवाच्या ताळ्यातून आला की जमाखर्चातून? ‘ताळेबंद’ही त्याच घरातला. हिशेबनीसांकडे आधी असावा असं माझं मत.

बखरकार
हिशेबातून नाही, ‘ताल’वरून, ताल जुळणे. माझे आजोबा तसंच सांगत.

फोंडेकर
विदर्भातलं कुणी आहे का इथे? तिकडे गणिताच्या तासाला ताळा म्हणतात की दुसरंच काही?