तर्काने ख्रिस्ती विश्वासाचं समर्थन करावं का?

वाटसरू
आमच्या बायबल अभ्यासगटात कुणी शंका काढली की उत्तर तयार असतं: जे अस्तित्वात येतं त्याला कारण असतं, विश्व अस्तित्वात आलं, म्हणून विश्वालाही कारण आहे. तीन वाक्यांत विषय संपतो. हे मला खटकतं, कारण तर्कावर माझा जीव आहे.

१३व्या शतकात देवाच्या अस्तित्वासाठी पाच मार्ग मांडणाऱ्या ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसचंच मत बघा. विश्वाला आरंभ होता हे तर्काने सिद्ध होत नाही, ते विश्वासानेच धरावं लागतं, असं तो म्हणे. त्याचा मुद्दा निराळा होता. हात काठी हलवतो, काठी दगड ढकलते. हात थांबला की काठीचं ढकलणंही थांबलं. म्हणजे हे सगळं आत्ता, या घडीला कशाच्या आधारावर चाललंय? आणि त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे तर तर्काच्या आवाक्यात नाहीच, हेही त्यानेच सांगितलं.

युक्तिवादाने कुणी विश्वासू होत नाही. पण विश्वास म्हणजे डोकं गहाण टाकणं, हा आरोप त्यानेच खोडता येतो. म्हणून तो शिकायचा तर नीट शिकावा.

खडाष्टक
काठी-दगड मान्य करू. हाती काय लागलं? एक आद्य कारण. तिथून नासरेथच्या सुतारापर्यंत, येशूपर्यंत, कसे पोचलात? विश्वाच्या आरंभाचा तो तीन वाक्यांचा युक्तिवाद मुस्लिम विचारवंत अल-गझालीने इस्लामच्या बाजूने मांडलाच होता. शिवाय, तो उद्या कोसळला तर तुम्ही विश्वास सोडाल का? नसाल सोडणार, तर त्याने तोलून काय धरलंय?

वाटसरू
नाही सोडणार, कारण माझा विश्वास त्यावर उभा नाही. गझालीबरोबर वाट काही अंतर एकच आहे, त्यात मला कमीपणा वाटत नाही. पुढचा प्रश्न इतिहासाचा. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला स्वतःच लिहितो. कशाने आपण खोटे ठरू, हे त्याने उघड सांगून टाकलंय. आणि ते पत्र क्रुसानंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आतलं आहे.

खडाष्टक
त्यावरून त्यांची श्रद्धा होती एवढंच ठरतं. तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ मध्येच विचारलंय: निसर्गनियम मोडला याची शक्यता जास्त, की साक्षीदार चुकला याची?

कातरवेळ
मी विश्वासातली आहे, आणि तरी या सगळ्याच्या विरोधात आहे. माझी मुलगी गेली त्या आठवड्यात एक भला माणूस घरी आला आणि त्याने मला स्वेच्छेचा युक्तिवाद समजावला: माणसाला खरी स्वेच्छा द्यायची तर वाइटाची शक्यताही येतेच. देव सर्वशक्तिमान आणि भला असेल तर दुःख का, या तत्त्वज्ञ मॅकीच्या १९५५ मधल्या आक्षेपाला ख्रिस्ती तत्त्वज्ञ प्लांटिंगाने दिलेलं उत्तर. तो बोलत होता आणि मी तिच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल नखाने खरवडत बसले होते. त्याच्या बोलण्यात मला चूक काढता आली नाही. माझ्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही.

पास्कलसारख्या गणितज्ञाने २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री आलेला अनुभव कागदावर उतरवला: अब्राहामाचा देव, इसहाकाचा, याकोबाचा, तत्त्वज्ञांचा नव्हे. तो कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला होता. मेल्यावर सापडला. मला तो देव कळतो.

वाटसरू
ताई, त्या माणसाचं चुकलं. वादळात सापडलेल्याला या युक्तिवादाचा फारसा उपयोग नाही, त्याला पाळकाची सोबत लागते, हे प्लांटिंगानेच लिहून ठेवलंय. प्रेषित पेत्रही बायबलमधल्या पत्रात विचारणाऱ्याला उत्तर द्या म्हणतो, आणि तेही सौम्यतेने. तुम्ही विचारलं नव्हतं.

खडाष्टक
खरंय. पण मी विचारलंय.

वाटसरू
हो, ते राहिलंच. ह्यूमच्या तराजूत देव नाही हे आधीच गृहीत आहे असं मला वाटतं. निसर्गापलीकडे काहीच नसेल तर साक्षीदार चुकला, हेच मीही म्हणेन. पण या घडीला सगळं धरून ठेवणारा कुणी असेल, तर पुनरुत्थान अशक्य कोटीतलं राहत नाही. काठी-दगडाचं काम इतकंच: साक्ष ऐकण्याआधीच दार लावून घेऊ नये.

खडाष्टक
म्हणजे सिद्धता नव्हे, पारड्यातलं वजन. असं म्हणाल तर मला बोलता येतं. मग ते वजन किती धरायचं, ते सांगा. माझ्या मते फार थोडं, कारण तुमचा 'धरून ठेवणारा' कुणाला उठवेल की नाही, हे त्या दगडावरून कळतच नाही.