मदत हवी आहे : वीपिनबेलचा व्हिक्ट्रीबेल होत नाही

रातकिडा : पोकेमॉन गेममधला माझा वीपिनबेल ४१व्या लेव्हलला पोहोचला आहे, त्याला लीफ स्टोन हा दगडही दिला आहे, तरीही तो इव्हॉल्व होत नाही, म्हणजे पुढच्या रूपात बदलत नाही. दगड दिल्यानंतर तीन लेव्हल वाढल्या, पण काहीच घडले नाही. आठवा जिम (जिथे जिमप्रमुखाशी लढायचे असते) तेवढा बाकी आहे आणि तिथे मला व्हिक्ट्रीबेललाच घेऊन जायचे आहे. नगेट ब्रिजजवळच्या गवतात बेलस्प्राउट या पहिल्या रूपात पकडल्यापासून मी त्याला एकदाही संघाबाहेर ठेवलेले नाही. कृपया आज रात्रीच उत्तर द्यावे.

सह्यकडा : गेम कोणता, हे आपण लिहिलेलेच नाही. नगेट ब्रिजवरून कँटो प्रदेश कळतो, पण त्या प्रदेशावर अनेक गेम आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत.

पायीपायी : पोकेमॉन गो असेल, तर दगडाची गरजच नाही. बेलस्प्राउटसाठी २५ आणि वीपिनबेलसाठी १०० कँडी लागतात. मी रोज सकाळी फिरायला जाताना गोळा करतो, तुम्हीही तसेच करा.

रातकिडा : गो मध्ये नगेट ब्रिज कुठून येणार? लीफग्रीन खेळतो आहे. फायररेड या त्याच्या जोडगेममध्ये बेलस्प्राउटऐवजी ऑडिश मिळतो, त्यामुळे हे सांगावे लागेल असे वाटले नव्हते.

जुनीकाडतुसे : मग कारण उघड आहे. फायररेड आणि लीफग्रीनमध्ये नॅशनल डेक्स (सर्व प्रदेशांच्या पोकेमॉनची यादी) मिळेपर्यंत गेम इव्होल्यूशन अडवतो. माझ्या गोलबॅटचा क्रोबॅट असाच कित्येक दिवस अडकला होता. आधी गेम पूर्ण करा.

सह्यकडा : हे येथे लागू होत नाही. ती अडवणूक फक्त पहिल्या १५१ पोकेमॉनमध्ये नसलेल्या रूपांसाठी आहे. क्रोबॅट नंतरच्या पिढीतला आहे, व्हिक्ट्रीबेलचा क्रमांक मात्र ७१ आहे. रातकिडा, आपण दगड ‘दिला’ असे लिहिले आहे. दिला म्हणजे नेमके काय केले? बॅगेत लीफ स्टोन निवडल्यावर कोणता पर्याय घेतला?

रातकिडा : ‘गिव्ह’. दगड त्याच्याजवळच आहे, तपशिलाच्या पानावर दिसतो.

सह्यकडा : घोटाळा तेथेच आहे. ‘गिव्ह’ म्हटल्यावर तो दगड नुसता जवळ बाळगतो, आणि लेव्हल कितीही वाढली तरी त्याने काही होत नाही. दगड परत काढून घ्या आणि बॅगेतून ‘यूज’ निवडून वीपिनबेलवर वापरा. मात्र एक लेव्हल थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वीपिनबेल ४२व्या लेव्हलला रेझर लीफ हा गवती वार शिकतो, आणि दगडाने झालेला व्हिक्ट्रीबेल पुढे लेव्हल वाढवून जवळजवळ काहीच नवे शिकत नाही. घाईने वाइन व्हिप या कमजोर वारावर अडकलेला व्हिक्ट्रीबेल मी स्वतः पाहिला आहे.

जुनीकाडतुसे : थांबण्याची काहीही गरज नाही. सेलाडॉन शहराच्या जिमप्रमुख एरिकाला हरवल्यावर गीगा ड्रेन या वाराचा टीएम (वार शिकवणारी वस्तू) मिळतो. तो शिकवा, म्हणजे वार होतो आणि आपली शक्तीही भरून येते. त्याच शहरातील डिपार्टमेंट स्टोअरमध्ये लीफ स्टोन २१०० ला मिळतो आणि एरिकाकडे स्वतःचा व्हिक्ट्रीबेल असतो, हे विसरू नका.

सह्यकडा : गीगा ड्रेनची ताकद ६० आहे आणि रेझर लीफची ५५, हे खरे. परंतु या पिढीत गीगा ड्रेन केवळ पाच वेळा वापरता येतो, रेझर लीफ पंचवीस वेळा, आणि रेझर लीफचा क्रिटिकल (जास्त जोराचा) वार होण्याची शक्यताही अधिक असते. आठव्या जिमचा प्रमुख जिओव्हानी याच्याकडे दोन ऱ्हायहॉर्न आहेत, त्यांच्यावर गवती वार चौपट लागतो. निडोक्वीन आणि निडोकिंग विषारीही असल्यामुळे त्यांच्यावर तो साधाच लागतो, म्हणून तेथे जास्त वेळा वापरता येणारा वार हाताशी असावा.

आकडेमोड : व्हिक्ट्रीबेलचा अटॅक (शारीरिक वारांची ताकद) १०५ आणि स्पेशल अटॅक (स्पेशल वारांची ताकद) १०० आहे. पाने फेकून मारण्याचा वार अटॅकवर चालणार, म्हणून रेझर लीफ सरस आहे.

सह्यकडा : लीफग्रीनमध्ये तसे नाही. वार शारीरिक की स्पेशल, हे तेथे प्रकारावरून ठरते, आणि गवती प्रकाराचे सगळेच वार स्पेशल असतात. प्रत्येक वाराचा स्वतंत्र विचार २००६ सालच्या डायमंड आणि पर्लपासून सुरू झाला.

घटपर्णी : कोणी विचारलेले नाही, तरीही लिहितो. व्हिक्ट्रीबेल म्हणजे कीटक खाणारी आपली घटपर्णीच आहे. जपानीत त्याला उत्सुबोट्टो म्हणतात आणि खऱ्या घटपर्णीला उत्सुबोकाझुरा. मधासारख्या वासाने भक्ष्याला तोंडाशी बोलवायचे आणि आतल्या द्रवात विरघळवायचे, ही त्याची रीत त्या वनस्पतीवरूनच घेतलेली आहे. भारतातील घटपर्णी मेघालयात आहे. आपल्या कास पठारावर ती नाही, पण कीटक खाणारी दवबिंदू आणि सीतेची आसवे तेथे पावसाळ्यात जरूर पाहावीत.

रातकिडा : दगड काढून घेतला आणि व्हिक्टरी रोडच्या वाटेवरच्या जंगली पोकेमॉनशी लढून ४२वी लेव्हल गाठली. वाइन व्हिप विसरून रेझर लीफ शिकवला, मग ‘यूज’ केले. व्हिक्ट्रीबेल झाला! समोरच्याला झोपवणारी स्लीप पावडर ठेवली आहे. गीगा ड्रेनचा टीएम अजून बॅगेत आहे, पण तो एकदाच वापरता येतो, म्हणून जिओव्हानीला आधी रेझर लीफनेच सामोरा जातो.