म्युनिकहून त्सुगश्पिट्झ, जूनचा शेवटचा वीकेंड, सात जण: एका दिवसात होईल का?

इझारकाठचा_नवखा

नमस्कार मंडळी, मी गेल्या ऑक्टोबरपासून म्युनिकला मास्टर्स करतोय. आमचा मराठी पोरांचा सात जणांचा ग्रुप आहे. परीक्षा जुलैच्या शेवटी सुरू होतात, त्याआधी एकदा तरी डोंगरात जायचं असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय आणि जायचंच तर जर्मनीतला सगळ्यात उंच डोंगर, म्हणजे त्सुगश्पिट्झ, २९६२ मीटर.

प्लॅन असा की शनिवारी पहाटेची पहिली ट्रेन धरून गार्मिश, तिथून राइनटालच्या वाटेने चालत वर, संध्याकाळी रोपवेने खाली आणि रात्री परत म्युनिक. एकाचं म्हणणं आहे की राइनटाल फार लांब आहे, त्यापेक्षा होलेनटालने जाऊ, ती वाट छोटी आहे आणि व्हिडिओत भारी दिसते. आमच्यातले पाच जण सह्याद्रीत बऱ्यापैकी फिरलेले आहेत, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, राजगड-तोरणा केलाय, मी स्वतः कळसूबाई तीनदा केलंय. उरलेले दोघे, एक लातूरची आणि एक नागपूरचा, त्यांचा हा पहिलाच ट्रेक, पण दोघंही उत्साही आहेत.

एका दिवसात जमेल का? बूट-कपडे काय लागतील? आणि बजेट टाइट आहे हेही सांगून ठेवतो. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

गडवेडी_सध्या_आउग्सबुर्ग

आधी होलेनटालचं बोलते कारण तेच ऐकून काळजात धस्स झालं. तो विषय आजच्या आज ग्रुपमध्ये बंद करा. ती वाट ट्रेकची नाही. वर गेलं की उघड्या कातळाच्या भिंतीत ठोकलेल्या लोखंडी शिगांवर पाय ठेवत आडवं जायचं, पायाखाली नुसती पोकळी, त्यानंतर हिमनदी, म्हणजे खरा बर्फ ज्यावर क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे, लागतात, आणि हिमनदी संपते तिथे बर्फ आणि कातळ यांच्यामध्ये फट असते ती ओलांडून पोलादी दोरावर क्लिप करत शेवटपर्यंत चढायचं. हार्नेस, हेल्मेट, दोन कॅराबिनरचा व्हिया फेराटा सेट (त्या दोरात अडकवायच्या कड्या आणि पट्टे) आणि ते वापरायची सवय, यातलं काहीही नसताना पहिल्यांदा ट्रेकला आलेल्या दोघांना तिथे न्यायचं नाही. तुम्ही पाच जणांनीही जायचं नाही. दरीच्या खालची घळ, होलेनटालक्लाम, आणि तिच्या वरच्या हटपर्यंतची वाट सुंदर आहे, तिथपर्यंत जाऊन परत फिरायला हरकत नाही.

आता राइनटाल. वाट सोपी आहे हे खरंय, म्हणजे हाताने धरून चढावं असं शेवटचा टप्पा येईपर्यंत काही नाही, पण आकडे नीट बघ. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकचं स्की स्टेडियम आहे गार्मिशला, साधारण ७३० मीटरवर, तिथून वाट सुरू होते. शिखर २९६२. म्हणजे एका दमात बावीसशे मीटर चढ आणि वीस किलोमीटरच्या वर चाल. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची सगळी उंची धरली तरी १६४६ मीटर होते आणि आपण ते निम्म्यातून, बारी गावातून चढायला सुरुवात करतो. पायात ताकद असलेल्या माणसाला इथे आठ ते दहा तास लागतात, नुसतं चढायला. सात जणांत दोन नवीन असतील तर दहा सोड, बारा धर. वरून खाली यायची शेवटची गाडी साडेचार-पावणेपाचच्या सुमाराला निघून जाते (त्या दिवसाचं वेळापत्रक आदल्या रात्री बघायचंच). तू कितीही पहाटेची ट्रेन घेतलीस तरी स्टेडियमपासून चालायला साडेसात-आठ वाजणारच, मग हे गणित कुठे बसतं सांग.

दोन दिवस करा. रात्री हटवर राहा. त्या हटवरची रात्र हीच या ट्रिपमधली खरी गंमत आहे असं मी तर म्हणेन, शिखरावर काय, रेस्टॉरंट आहे आणि रोपवेने सँडल घालून आलेली गर्दी आहे.

कोकणकडा_७७

वरच्या ताईंनी लिहिलंय त्यातल्या प्रत्येक शब्दाला माझं अनुमोदन, आणि मी हे का म्हणतोय ते सांगतो कारण तुझा प्लॅन वाचून मला आमचाच प्लॅन आठवला. अगदी हाच. पाच जण, जून महिना, पहिली ट्रेन, राइनटाल, एका दिवसात वर आणि रोपवेने खाली. आम्ही सगळे पुण्याचे, दर रविवारी सिंहगड चढणारे, दम कुणालाच कमी नव्हता.

क्नॉरह्युटला, म्हणजे २०५० मीटरवर, आम्ही तीन वाजता पोचलो. खाली गार्मिशला लोक आइस्क्रीम खात होते, टी-शर्टवर. हटच्या पुढे अर्ध्या तासात वाट दिसेनाशी झाली कारण सगळीकडे जुना बर्फ. फोटोत दिसतो तसला भुसभुशीत नाही, हिवाळ्यापासून साचून दाबलेला, वरून दुपारच्या उन्हाने ओला झालेला आणि आत टणक. आपल्याकडे घसाऱ्यावर पाय घसरला तर माणूस बसतो, दोन-चार फूट सरकतो, हाताला खरचटतं, थांबतो. बर्फावर थांबत नाही. आमच्यातला एकजण रनिंग शूज घालून आला होता, तो माझ्या डोळ्यांसमोर घसरला आणि पंचवीस-तीस फूट सरळ खाली गेला, ओरडलासुद्धा नाही, नुसता बर्फ खरवडल्याचा आवाज, आणि खाली दगड लागले तिथे अडकला. मनगट मोडलं. पाच मिनिटांनी ढग उतरले आणि दहा फुटांपलीकडचं दिसेना. त्याचा हात माझ्या मफलरने गळ्यात बांधला, आणि एकमेकांच्या बुटांच्या खुणा शोधत क्नॉरह्युटला परत यायला आम्हाला दोन तास लागले. जायला अर्धा तास लागला होता तेवढंच अंतर. हट फुल्ल होती पण तशा अवस्थेत त्यांनी बाहेर काढलं नाही, जेवणाच्या खोलीत बाकांवर झोपवलं, हट सांभाळणाऱ्या काकूंनी त्याच्या हाताला लाकडाच्या दोन पट्ट्या बांधून दिल्या आणि रात्री दोनदा उठून बघून गेल्या. त्या काकूंचा चेहरा मी विसरणार नाही.

एकच सांगायचंय मित्रा. सह्याद्रीतला अनुभव इथे कामाला येतो, वाट ओळखणं, दम राखणं, ग्रुप तुटू न देणं, हे सगळं येतं. पण सह्याद्रीने आपल्याला बर्फ शिकवलेला नाही, आणि आपल्याला पाऊस माहीत आहे तो कोमट पाऊस. हरिश्चंद्रगडावर चिंब भिजलो तरी थरथरत कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी खाल्ली की झालं. इथे दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा डिग्री तापमान उतरतं, खाली २५ असेल तर शिखरावर दहा-बारा, त्यात वारा आणि ओले कपडे असले की माणूस बोलायचा बंद होतो. जुलैतसुद्धा तिथे बर्फ पडतो.

म्हणून जूनच्या शेवटी शिखराचं नावच काढू नका. शनिवारी राइनटालआंगरह्युटपर्यंत जा आणि तिथेच राहा. रविवारी ज्यांच्या पायात दम आहे त्यांनी क्नॉरह्युटपर्यंत जाऊन यावं. शिखर ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये करा, तेव्हा बर्फ बहुतेक वितळलेला असतो आणि दुपारची वादळंही कमी होतात.

इझारकाठचा_नवखा

बापरे. कोकणकडा दादा, मित्राचा हात आता बरा आहे ना? ग्रुपवर तुमचा मेसेज जसाच्या तसा टाकला, दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही. होलेनटाल कॅन्सल, एका दिवसाचंही कॅन्सल. राइनटालआंगरह्युट बघतोय आता. पण हट म्हणजे नेमकं काय असतं, हॉटेलसारखं बुकिंग करायचं का, जेवण बरोबर न्यायचं का, काहीच माहीत नाही. दोघं शाकाहारी आहेत. आणि बुटांचं सांगा, नवीन घ्यायला सगळ्यांना परवडणार नाही.

कोकणकडा_७७

हात बरा आहे, दोन महिने प्लास्टर होतं.

मिरजेची_मुक्ता

हटचं मी सांगते, माझी तीन वर्षं झाली इथे आणि सोळा-सतरा हटवर राहिलेय.

ऑनलाइन बुकिंग असतं आणि वीकेंडची जागा फार लवकर जाते, त्यामुळे हे वाचून झालं की आधी ते कर. सगळ्यात स्वस्त म्हणजे लागर, एका लांबलचक फळीवर गाद्या ओळीने मांडलेल्या आणि सगळे शेजारी शेजारी. गोधडीसारखं पांघरूण मिळतं पण आत घालायचं पातळ कापडी अस्तर आपलं न्यावं लागतं, ते नसेल तर झोपू देत नाहीत. माझं मी आईच्या जुन्या सुती साडीचं शिवून आणलंय, रेशमी विकतच्यापेक्षा मस्त आहे. बूट खाली बूटखोलीत काढायचे, आत चपला. रात्री दहाला दिवे बंद, आणि ते खरोखर पाळतात, आपल्यासारखी मैफल जमवायची असेल तर आठलाच बाहेर अंगणात बसा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. रोख पैसे न्या, कार्ड चालेलच असं धरून चालू नका. बुकिंग करून जमणार नसेल तर कळवा, न कळवता गैरहजर राहिलं की पैसेही कापतात आणि दुसऱ्या कुणाची जागा वाया जाते.

शाकाहारींना काही अडचण नाही. केझश्पेट्झले म्हणजे चीजमधल्या शेवया म्हणता येतील, मसुराचं सूप (त्यात सॉसेज टाकू नका असं आधी सांगा), आणि काइझरश्मार्न, तो जाड गोड धिरड्यासारखा पदार्थ तुकडे करून साखर भुरभुरून सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर देतात, दिवसभर चालून आल्यावर तो एक थाळा दोघांत संपतो. रात्रीचं हटवरच जेवा, त्यांचं पोट त्यावर चालतं, सगळं सामान वर चढवावं लागतं त्यांना. वाटेत खायला मात्र आपलंच बरं, मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते, लाडू नेते. चॉकलेटपेक्षा जास्त वेळ पुरतात.

डॉइचर आल्पेनफेराइनचं, म्हणजे जर्मन अल्पाइन क्लबचं सभासदत्व घ्या. पंचविशीपर्यंत फी कमी आहे, हटवर झोपायचे दर निम्म्याच्या आसपास येतात, आणि मुख्य म्हणजे डोंगरात सुटका करायची वेळ आली तर त्याचा विमा त्यात येतो. आपला विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा हॉस्पिटलचं बघतो, पण नुसते अडकून पडलात, काही लागलं नाही आणि हेलिकॉप्टरने उतरवलं तर ते बिल आपल्या डोक्यावर येऊ शकतं. म्युनिकच्या शाखा सभासदांना सामानही भाड्याने देतात, त्यामुळे सगळं विकत घ्यायची गरज नाही. बूट घोट्यापर्यंतचे आणि तळ खोल खाचांचा हवा, सेकंड हँड घेतले तरी चालतील पण निदान दोनदा इंग्लिश गार्डनमध्ये घालून फिरून ये, नवीन बूट थेट डोंगरात नकोत. जीन्स नको. कॉटनचा टी-शर्ट नको, भिजला की वाळत नाही. रेनकोट, एक लोकरी किंवा फ्लीस, टोपी, हातमोजे, जूनमध्येसुद्धा, आणि पासपोर्ट किंवा रेसिडेन्स कार्ड, ऑस्ट्रियाची हद्द शिखरावरूनच जाते.

आणि वीज. दुपारनंतर ढग गोळा व्हायला लागले की पोलादी दोर आणि कड्यापासून लांब व्हायचं, दोर लांबलचक वीजवाहकच आहे. अल्पाइन क्लबचं डोंगराचं हवामान वेगळं असतं ते बघा, फोनवरचं म्युनिकचं नको.

गडवेडी_सध्या_आउग्सबुर्ग

मुक्ताने सगळं लिहिलंय. माझं एवढंच, ११२ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आणि त्यापेक्षा डोक्यात असू दे, आणि रेंज नसेल तर शिट्टी किंवा टॉर्च, एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. लातूरच्या मैत्रिणीला आणि नागपूरच्या मित्राला हे आधी शिकवा, आणि ग्रुपचा वेग त्यांचा वेग. लीडला कुणीही असो, शेवटी तुमच्यातला सगळ्यात अनुभवी चालू दे. पार्टनाखक्लाम, म्हणजे राइनटालच्या वाटेवर सुरुवातीला लागणारी घळ, उघडी आहे ना तेही बघा, दगड पडल्यावर किंवा पाणी वाढल्यावर बंद ठेवतात, वरून दुसरी वाट आहे पण वेळ जास्त लागतो.

इझारकाठचा_नवखा

जाऊन आलो. रविवारी रात्री उशिरा पोचलो, आज लेक्चर बुडवून लिहितोय.

शनिवारी स्टेडियमवरून सव्वाआठला निघालो. पार्टनाखक्लाममध्ये सातशे मीटरभर वाट कातळात कोरलेली आहे, वरून पाणी गळतं आणि खाली नदी इतकी आदळते की एकमेकांशी बोलता येत नाही, लातूरची मैत्रीण तिथेच पंधरा मिनिटं उभी राहिली, म्हणाली आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी रेल्वेने आणलं होतं. नंतर कुणी फार बोललो नाही. पुढे दरी रुंद होत जाते, दोन्ही बाजूंना कडे, मध्ये नदी निळीहिरवी. दोन वाजता राइनटालआंगरह्युटला. तिबेटी पताका लावलेल्यात, बाकांवर बसून सूप प्यायलो आणि पाय नदीत सोडले, अर्धं मिनिटसुद्धा ठेवता आले नाहीत.

रविवारी दोघं नवीन आणि मी, आम्ही पार्टनाख नदी जिथे खडकांतून उगम पावते तिथपर्यंत गेलो. बाकीचे चौघं क्नॉरह्युटपर्यंत गेले, त्यांना मागे सगळं पांढरं दिसत होतं, तिथून त्यांनी पुढे पाऊल टाकलं नाही. कोकणकडा दादा, ते सांगत होते की हटच्या दारात उभं राहून त्यांनी तुमचा मेसेज पुन्हा वाचला. उतरताना दुपारी दोनला गडगडाट सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे झाडीत खाली पोचलेलो होतो.

एक प्रॉब्लेम झाला, नागपूरच्या मित्राच्या टाचेला मोठा फोड आला, बूट आदल्या दिवशी घेतले होते. मुक्ताताई, तुम्ही लिहिलं होतं आणि मी त्याला नीट सांगितलं नाही, ती माझी चूक. फोड फोडायचा की तसाच ठेवायचा?

मिरजेची_मुक्ता

फोडू नका. फार्मसीत फोडावर लावायची जाड जेलची पट्टी मिळते, ती लावा आणि आपोआप सुटेपर्यंत काढू नका. लाल होऊन ठणकायला लागलं तर डॉक्टरकडे.

इझारकाठचा_नवखा

थँक्यू ताई. सप्टेंबरच्या पहिल्या वीकेंडला त्याच हटवर सात लागर मिळालेत, आत्ताच मेल आला. तो म्हणतोय तोपर्यंत रोज बूट घालूनच लेक्चरला येणार.