छाटणीच्या कात्रीची बॅटरी आणि अवजारे अंगावर वाहण्यासाठी हार्नेस : वजन खांद्यावर द्यावे की कमरेवर?

गणवेशवाला_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात आमचा शाळेचे गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. जूनचा हंगाम उरकला की निम्मी यंत्रे बसून राहतात, त्यामुळे वेगळे काम आले तर आम्ही सहसा नाही म्हणत नाही. असेच एक काम घेतले आहे आणि त्यात अडकलो आहे.

सांगोल्याकडील एका डाळिंब बागायतदारांकडे बॅटरीवर चालणाऱ्या छाटणीच्या सहा कात्र्या आहेत. कात्री २१ व्होल्टची असून तिची बॅटरी मुठीच्या खालच्या टोकाला बसते. दुपारपर्यंत माणसांची मनगटे भरून येतात, म्हणून बॅटरी अंगावर बांधून तिथून वायर कात्रीपर्यंत न्यावी आणि त्याच पट्ट्यावर राखीव बॅटऱ्या व इतर अवजारेही बसावीत, असे त्यांना हवे आहे. मी सर्व वस्तू काट्यावर तोलून पाहिल्या. चालू बॅटरी ६५० ग्रॅम, दोन राखीव बॅटऱ्या मिळून १३०० ग्रॅम, हातकात्री आणि घडीची करवत मिळून ५५० ग्रॅम, पाती निर्जंतुक करण्याच्या द्रावणाची अर्ध्या लिटरची बाटली ५५० ग्रॅम, आणि कापड, पट्टे, बकले व वायर यांचे सुमारे ७०० ग्रॅम धरले, तर एकूण पावणेचार किलो होतात.

पहिला नमुना मी दप्तरासारखा केला, कारण तेवढेच आम्हाला येत होते. दोन खांदपट्टे ठेवले आणि सगळे खिसे पाठीवर दिले. तो अर्धा दिवस वापरून परत आला. खांदे दुखतात, वाकले की पट्टे घसरतात आणि बाटली काढायला दरवेळी सगळे उतरवावे लागते, अशा तीन तक्रारी होत्या. वजन कमरेवर घ्यावे काय, कापड आणि पट्टी कोणती वापरावी, आणि वायर कशी न्यावी म्हणजे ती काट्यांत अडकणार नाही, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे ही विनंती.

---

बॅगमास्तर

आपण वजन तोलून मग प्रश्न विचारलात हे फार बरे केलेत, कारण बहुतेक जण कापडापासून सुरुवात करतात आणि वजन शेवटी कळते.

पावणेचार किलो हा आकडा तसा मोठा नाही. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप भरला की त्यातले पाणीच १६ किलो होते आणि तोही माणसे वाहतातच. फरक असा की पंप दर फेरीला रिकामा होत जातो, तर हा भार सकाळी जेवढा असतो तेवढाच संध्याकाळी असतो, आणि छाटणी करणाऱ्याचे हात दिवसभर वर-खाली होत असतात. हात उचलला की खांद्याचा स्नायू फुगतो व पट्टा त्याच्यावर दाबला जातो. म्हणून वजनाचा मोठा भाग कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांवर टेकला पाहिजे आणि खांदपट्ट्यांनी फक्त ओझे अंगाला धरून ठेवायचे. त्यासाठी कमरपट्टा बाजूंना १० सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि पुढे निमुळता असावा. आत ८ ते १० मिलिमीटर जाडीचा ईव्हीए फोम (चपलांच्या तळव्यात असतो तसा) घालावा. साधा स्पंज घालू नये, कारण तो दोन आठवड्यांत चपटा होतो आणि घाम पिऊन बसतो.

वजन कमरेवर उतरण्यासाठी पाठीत काहीतरी ताठ लागते. नुसते कापड असेल तर ते मधे दुमडते आणि भार पुन्हा खांद्यावर जातो. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पत्रा पाठीच्या खोळीत सरकवून कमरपट्ट्यापर्यंत पोहोचवलात तर काम भागते. चालू बॅटरी याच पत्र्यावर, कण्याला चिकटून ठेवावी, कारण ती जितकी मागे लोंबेल तितका माणूस तोल सावरण्यासाठी पुढे वाकेल. राखीव बॅटऱ्या डाव्या कुशीला आणि हातकात्री, करवत, बाटली उजव्या कुशीला दिलीत तर आपल्याच आकड्यांप्रमाणे १३०० विरुद्ध ११०० ग्रॅम होतात. एवढा फरक चालून जातो.

पट्टीबद्दल सांगायचे तर पॉलिस्टरची नवार घ्यावी. नायलॉनची पट्टी मजबूत असते, पण ओली झाली की ताणते आणि बसवलेले माप सैल पडते. पॉलिप्रॉपिलीनची सर्वांत स्वस्त असते, पण उन्हात तिचे तंतू लवकर ठिसूळ होतात, आणि सोलापूरच्या उन्हाबद्दल सोलापूरच्या माणसाला मी काय सांगावे! शिलाईत मात्र आपली खरी परीक्षा आहे. गणवेशाच्या सिंगल निडल यंत्रावर नवारीचे दोन पदर आणि मधला फोम एकत्र सरकत नाहीत, वरचा पदर पुढे पळतो. वॉकिंग फूटचे यंत्र (वरचे-खालचे पदर एकत्र पुढे सरकवणारे) नसेल तर तेवढे काम एखाद्या बॅगवाल्याकडून करून घ्यावे. सुई २१ नंबरची आणि धागा फिलामेंट पॉलिस्टरचा असावा. पट्टा जिथे जोडला जातो तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारावी आणि टोकांना बारटॅक (दाट, आखूड पक्की शिलाई) घ्यावा. ते यंत्र आपल्याकडे असणारच.

---

तारजोडणी

वायरीबद्दल मी लिहितो, कारण घाई केल्यास इथेच अपघात होतो.

२१ व्होल्ट हा आकडा पूर्ण भरलेल्या पाच सेलचा आहे, प्रत्येकी ४.२ व्होल्टप्रमाणे. प्रत्यक्ष कामात तो १८ च्या आसपास राहतो. जाड फांदी कापताना कात्री क्षणभर २० अँपिअर घेते असे धरू या. बॅटरीपासून हातापर्यंत दीड मीटर वायर म्हणजे जाण्यायेण्याचे तीन मीटर झाले. १.५ चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची वायर घेतली तर तिचा रोध मीटरला सुमारे १३ मिलिओहम असतो, म्हणजे २० अँपिअरला जवळजवळ ०.८ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. बॅटरी उतरत आली की कात्री फांदीत अडकून थांबण्यासाठी एवढे पुरते. २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर तोच तोटा अर्ध्या व्होल्टच्याही खाली येतो. सिलिकॉनच्या आवरणाची वायर कोपराशी छान वळते, पण डाळिंबाचा काटा ते आवरण सहज फाडतो. म्हणून ती पूर्ण लांबीभर जाड कापडाच्या नळीतून न्यावी. ती नळी आपण शिवालच.

फ्यूज बॅटरीच्या बाजूला, वीतभर अंतराच्या आत असावा. मोटारीतला ३० अँपिअरचा पात्याचा फ्यूज चालेल. तो कात्रीच्या बाजूला बसवला आणि मधेच वायर सोलली गेली, तर संपूर्ण वायर पाठीवर तापेल आणि फ्यूज नुसता बघत बसेल. बॅटरीला जोडाची दोनपेक्षा अधिक पाती (टर्मिनल) असतील तर तिसरे बहुधा तापमानाच्या संवेदकाचे असते. तेही अडॅप्टरमधून, म्हणजे कात्रीत बॅटरीच्या जागी बसणाऱ्या जोडातून, कात्रीपर्यंत न्यावे. नाही तर कात्री सुरूच होणार नाही, किंवा सुरू होईल पण गरम बॅटरीला थांबवणारे कोणी उरणार नाही. दुसरा प्रकार अधिक वाईट.

वायर पाठीवरून उजव्या खांद्यावर, तिथून दंडावरच्या आणि कोपराखालच्या फासातून हातात यावी. मानेभोवती कधीही नेऊ नये. खांद्यापुढे, डाव्या हाताला सहज सापडेल अशा जागी, झटका बसताच सुटणारा जोड द्यावा, आणि ओढ डाखावर न येता कापडाच्या फासावर येईल अशी वायर त्याच्या दोन्ही बाजूंना बांधावी. वायर फांदीत अडकली तर माणूस ओढला न जाता जोड सुटला पाहिजे. राखीव बॅटऱ्या करवतीच्या खिशात अजिबात ठेवू नयेत. त्यांच्या उघड्या पात्यांवर लोखंड आडवे पडले की शॉर्ट सर्किट होते. झाकणाचा स्वतंत्र खिसा करावा आणि त्याला खाली पाणी निथळण्याचे भोक ठेवावे.

एक शेवटचे. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा संकेत आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा ४२-४३ पर्यंत जातो, मग काळ्या कापडाच्या आत, पाठीच्या उबेत आणि उन्हात बॅटरीचे काय होत असेल याचा विचार करावा. बाहेरचे कापड फिकट रंगाचे घ्यावे आणि पाठीवरून काढलेली बॅटरी तासभर सावलीत निवल्यावरच चार्जरला लावावी.

---

बागेची_नोंदवही

मी मंगळवेढ्याकडे आमची डाळिंबाची बाग पाहते आणि छाटणीच्या टोळीचा हिशेब माझ्याकडे असतो. वरील दोन्ही उत्तरे उपयोगी आहेत, पण दोन्ही पँट-शर्ट घातलेला पुरुष डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली दिसतात.

आमच्या टोळीत निम्म्याहून अधिक बायका आहेत. त्या साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून काम करतात. घट्ट कमरपट्टा नेमका निऱ्या खोचलेल्या जागी येतो, आणि दोन-चारदा वाकून उठले की पट्टा खाली सरकतो व निऱ्याही सोबत नेतो. मग बाई दिवसभर एका हाताने साडी सावरते किंवा पट्टा काढून बांधावर ठेवते. म्हणून कमरपट्टा शर्टावरून, निऱ्यांच्या खाली हाडावर बसेल असा ठेवावा आणि त्यासाठी खांदपट्टे व कमरपट्टा यांतील अंतर कमी-जास्त करता आले पाहिजे. एकच हार्नेस आज उंच माणसाच्या आणि उद्या बुटक्या बाईच्या अंगावर जाणार आहे. गणवेश शिवणाऱ्याला मापांचे महत्त्व मी सांगायला नको.

जाळीचे कापड मात्र अजिबात वापरू नका. हवा खेळते म्हणून ते बॅगांना लावतात, पण काट्यात अडकून आठवड्यात त्याच्या चिंध्या होतात. त्याऐवजी खांद्याच्या गादीवर सुती टेरी टॉवेलचा काढता-घालता येणारा गिलाफ द्या. सोलापुरात टॉवेलच्या कापडाला तोटा नाही. घाम तो शोषतो, रोज धुता येतो आणि फाटला तर बदलता येतो. धुण्याची गोष्ट तेल्यासाठीही महत्त्वाची आहे. हा रोग जिवाणूंमुळे होतो आणि छाटणीच्या अवजारांतून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो, म्हणून आपण पाती द्रावणात बुडवतो. तीच टोळी तोच मळका पट्टा घालून दुसऱ्या बागेत शिरत असेल तर निम्मी काळजी वाया गेली. बॅटरी आणि वायर काढून बाकी सगळे बादलीत बुडवता आले पाहिजे.

आणि तो लवकर उतरला पाहिजे. आमच्याकडे प्रत्येक बागेला शेततळे आहे, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले. त्यात घसरलेल्याला मोकळ्या अंगानेही वर येता येत नाही, मग पावणेचार किलो बांधलेल्याचे काय होईल? पुढच्या बाजूला दोनच बकले ठेवा, दोन्ही डाव्या हाताने उघडणारी, कारण उजव्या हातात कात्री असते. गाठी, हूक, वेल्क्रो यांवर विसंबू नका.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. माणसांच्या खांद्यांची चौकशी कोणीतरी करत आहे हे वाचून समाधान वाटले.

---

छतावरचा_फिटर

मी सोलर पॅनेल बसवण्याचे काम करतो. एका गोष्टीची नोंद असावी म्हणून लिहितो. ‘हार्नेस’ हा शब्द ऐकून उद्या कोणीतरी हा पट्टा नारळाच्या झाडावर किंवा पत्र्याच्या शेडवर चढताना दोर बांधायला वापरेल. उंचीवरून पडणाऱ्याला धरणाऱ्या हार्नेससाठी आयएस ३५२१ हे भारतीय मानक आहे आणि त्याच्या चाचण्या वेगळ्या असतात. आपल्या नमुन्यावर लोखंडी डी-रिंग (इंग्रजी D च्या आकाराची कडी) कुठेही लावू नका, अगदी बाटली टांगण्यासाठीसुद्धा, कारण रिंग दिसली की माणूस तिला दोर बांधतो. आतल्या बाजूला ‘उंचीवरील सुरक्षेसाठी नाही’ अशी पट्टी शिवून टाका.

---

गणवेशवाला_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी दुसरा नमुना तयार करून बागेत दिला, त्याबद्दल लिहितो.

पाठीचा पत्रा दोन मिलिमीटरचा घेतला. सुरुवातीला तो खालच्या टोकाला सरळ कापला होता, तो बसताना टोचत असे, म्हणून कोपरे गोल केले. नवारीचे जोड एका बॅगवाल्याकडून शिवून घेतले. आमच्या यंत्रावर आधी प्रयत्न करून चार सुया मोडल्या हेही कबूल करतो. डी-रिंग एकही नाही. दोन्ही बकले पुढे आहेत, आणि एका कामगार ताईंनी डोळे मिटून डाव्या हाताने दोन्ही उघडून दाखवली तेव्हा मला बरे वाटले. टेरीचा गिलाफ सर्वांना आवडला आहे, इतका की दोघांनी तो काढून चेहरा पुसायला वापरायला सुरुवात केली. आता प्रत्येक हार्नेसबरोबर दोन गिलाफ देणार आहे.

अडचण एकच राहिली आहे. साडीवर कमरपट्टा अजूनही सरकतो. पाठ आणि कमर यांतील अंतर बदलण्याची सोय केली आहे, तरी वाकल्यावर पट्टा दोन-तीन बोटे वर चढतो.

---

बॅगमास्तर

वर चढतो याचा अर्थ खांदपट्टे फार आवळलेले आहेत. वाकताना पाठ लांबते आणि खांदपट्टे कमरेला वर ओढतात. खांदपट्ट्याच्या खालच्या टोकाला, पाठीमागे, १० सेंटिमीटरचा रुंद इलास्टिकचा तुकडा जोडून पाहा. मात्र त्याच्या मागून थोडी लांब नवार समांतर शिवा, म्हणजे इलास्टिक तुटले तरी ओझे पडणार नाही. घालताना आधी कमरपट्टा आवळायचा आणि खांदपट्टे नंतर, तेही तळहात आत जाईल इतके सैल ठेवायचे. हा क्रम टोळीला एकदा प्रत्यक्ष घालून दाखवा. दप्तराच्या सवयीने सगळे उलटे करतात.

---

तारजोडणी

आणि पाती द्रावणात बुडवण्यापूर्वी किंवा पुसण्यापूर्वी खांद्यावरचा जोड काढायचा, हेही त्याच वेळी दाखवावे. बॅटरी हातात होती तेव्हा ती काढली की कात्री बंद होते हे डोळ्यांना दिसत होते. आता ती पाठीवर गेल्यामुळे कात्री चालू आहे याचाच विसर पडतो, आणि या कात्रीला फांदी व बोट यांतला फरक कळत नाही. जोडाच्या दोन्ही टोकांना लाल कापडाची पट्टी शिवलीत तर टोळीच्या प्रमुखाला दुरूनच कोणाचा जोड लागलेला आहे ते दिसेल.

---

गणवेशवाला_सोलापूर

इलास्टिक आणि लाल पट्टी दोन्ही करतो. गणवेशाच्या टायचे लाल कापड शिल्लक आहेच. उरलेले पाच हार्नेस पुढच्या आठवड्यात कापायला घेत आहे.