आरटीईच्या अर्जात पत्ता खोटा टाकलाय आणि नंबर लागलाय. सांगावं का?

उचगावकर पालक:
आरटीई, म्हणजे खासगी शाळेतल्या २५ टक्के मोफत जागांसाठी अर्ज भरला होता. मूल राहतं कोल्हापूरजवळच्या उचगावात. शाळेजवळ घर असलं की आधी नंबर लागतो, म्हणून अर्जात पत्ता कोल्हापुरातल्या राजारामपुरी आठव्या गल्लीतला, मामाच्या घरचा. ऑनलाइन अर्जातल्या नकाशावर घर दाखवायचा लाल बलूनही तिथंच नेऊन ठेवला. पहिलीला नंबर लागला, पडताळणी अजून व्हायची आहे. उत्पन्नाचा दाखला खरा आहे. एक एजंट भाडेकरार करून देतो म्हणतोय. गप्प बसावं की सांगून टाकावं?

कागदवाला:
एजंटाला आधी लांबूनच नमस्कार करा. भाडेकरार दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलाच लागतो, तोही अर्ज भरण्याआधीच्या तारखेचा. नोंदणीची तारीख मागं नेता येत नाही आणि नोटरीचा कागद इथं चालत नाही. आत्ता फक्त पत्ता खोटा आहे. करार जोडून हमीपत्रावर सही केली की खोटा दस्तही तुमच्या नावावर.

गप्पगुमान:
कोण बघतंय ओ? निम्मी पोरं मामाच्याच पत्त्यावर शिकत्यात.

कागदवाला:
प्रतीक्षा यादीतल्या एका पालकाची तक्रार पुरते. रेशनकार्ड, आधार उचगावचं असेल तर संपलंच. हा प्रवेश आठवीपर्यंतचा. तिसरीत रद्द झाला तर पोराला चालू वर्गातून उठवणार, नाहीतर पूर्ण फी मागणार.

शाळेतला कारकून:
सांगायचं तर पडताळणीची मुदत संपायच्या आत, म्हणजे ती जागा पुढच्या फेरीत प्रतीक्षा यादीला जाते. शाळेत तोंडी सांगून उपयोग नाही. अलॉटमेंट लेटरवर जे पडताळणी केंद्र छापलंय, तिथल्या समितीच्या नावानं साधा अर्ज द्या: अर्ज क्रमांक, मुलाचं नाव, मिळालेली शाळा, ‘अर्जातला पत्ता आमच्या राहत्या घराचा नाही’, खरा पत्ता, आणि ‘निवड रद्द करावी’. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. ‘नेटकॅफेवाल्यानं चुकून भरलं’ असलं काही लिहू नका. बलून हातानं सरकवावा लागतो, हे समितीला ठाऊक असतं.

उचगावकर पालक:
मग पुढच्या फेरीत खऱ्या पत्त्यावर नाव येईल का?

शाळेतला कारकून:
नाही. लागलेला नंबर सोडला की यंदाच्या फेऱ्यांतून बाहेर. अर्जाची मुदत चालू होती तेव्हाच जुना अर्ज डिलीट करून नवा भरता आला असता. आणि आता दुसरा अर्ज भरायच्या नादाला लागू नका, एका मुलाचे दोन अर्ज सापडले तर दोन्ही बाद होतात. उचगावातल्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला आजही नाव घालता येतं. जन्मदाखला आणि आधार घेऊन जा.