सीडी १०० आणि स्प्लेंडर : आपापले अनुभव लिहा

हीरो होंडाची सीडी १०० ही गाडी १९८५ साली बाजारात आली आणि १९९४ मध्ये तेच ९७.२ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन घेऊन स्प्लेंडर आली. पुढे हीरो आणि होंडा या दोन्ही कंपन्या विभक्त झाल्या, टाकीवरचे नाव बदलले, तरी स्प्लेंडर चालूच राहिली. ज्यांच्या घरी यांपैकी एखादी गाडी होती किंवा आहे, त्यांनी तिच्याविषयी लिहावे. अ‍ॅव्हरेजचे आकडे देताना मात्र थोडा संयम पाळावा, ही विनंती.

* * *

आमच्याकडे सीडी १०० येण्यापूर्वी टू-स्ट्रोक स्कूटर होती, त्यामुळे पेट्रोलमध्ये मापाने ऑईल मिसळण्याची सवय वडिलांच्या हाताला इतकी जडली होती की, नव्या गाडीत नुसते पेट्रोल टाकताना आपण काहीतरी विसरत आहोत असे त्यांना कित्येक महिने वाटत असे. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही जाहिरात तेव्हा सर्वांच्या तोंडी होती. वडिलांनी तिसरी सूचना कधीच पाळली नाही. प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल आणि त्या दिवशीचे किलोमीटर ते वहीत टिपून ठेवत. त्या वहीनुसार सरासरी ६० ते ६५ च्या दरम्यान आहे. जाहिरातीपेक्षा मी वहीवर अधिक विश्वास ठेवतो.

* * *

मी गॅरेज चालवतो. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखे. सिलिंडर पुढच्या बाजूला जवळपास आडवा असतो. होंडाच्या १९५८ च्या सुपर कबच्या घराण्यातली ही ठेवण आहे. हेड, म्हणजे सिलिंडरचे झाकण, उघडायचे असेल तर इंजिन फ्रेममधून उतरवावे लागत नाही, हा त्याचा आम्हा मेकॅनिकांवरचा मोठा उपकार आहे. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज ऐकून आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवून गाडी सुरळीत करण्यात माझी वीस वर्षे गेली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे प्रदूषण नियम लागू झाल्यावर कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आले आणि त्याबरोबर चोकही गेला. आता दोष शोधायला कानाबरोबर स्कॅनरही लागतो, आणि ते शिकायला मला वर्षभर लागले.

* * *

थोडा विरोधी सूर लावतो. सीडी १०० च्याच वर्षी आलेली यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स १०० मी चालवली आहे, आणि घाटात मागे माणूस बसलेला असताना या दोन गाड्यांतला फरक कोणालाही कळतो. टू-स्ट्रोक गाड्या १९९६ आणि २००० च्या प्रदूषण नियमांपुढे टिकू शकल्या नाहीत, हे मान्य आहे. पिकअपमध्ये त्या हरल्या नव्हत्या, एवढेच.

* * *

मी दादाच्या स्प्लेंडरवर गाडी शिकले. तिचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. नोकरीला लागल्यावर सहकाऱ्याची पहिला खाली आणि बाकीचे वर असलेली गाडी घेतली, दुसरा टाकण्यासाठी सवयीने पाय खाली दाबला आणि भर चौकात पहिल्याच गिअरमध्ये गुरगुरत राहिले. त्यानंतर मीही स्प्लेंडरच घेतली.