आठवी-नववीला कराटे की ज्युडो? मुलं ४५, हॉल लहान

फोंडेकर_पीटी:
आमच्या हायस्कूलात यंदा आठवी-नववीला आठवड्याला ४० मिनिटांचे दोन तास मार्शल आर्टसाठी मिळालेत. एका वर्गात ४५, मुलगे-मुली एकत्र. हॉल १२ बाय ९ मीटर, खाली लादी, पावसात ओल धरते. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या २० मॅट आहेत, मीटरभर चौकोनी, अडीच सेंटिमीटर जाड. पालकांना कराटे हवंय, मुलांना ज्युडो. काय घेऊ, आणि सुरुवात कुठून?

तातामी_डिचोली:
कराटे घ्या. अडीच सेंटिमीटरवर ज्युडोची फेक नकोच, त्याला ४ सेंटिमीटरची घट्ट मॅट लागते. शिवाय फोमचे सांधे जोर आला की उघडतात आणि पायाचा अंगठा नेमका त्या फटीत जातो.

पण पडायला मात्र ज्युडोचंच शिकवा, गणेश चवथीपर्यंत तेच मुख्य. मागे पडताना हात टेकला की सगळा भार मनगटावर नाहीतर कोपरावर येतो, आणि घाबरलेलं मूल हात टेकणारच. आधी बसून: हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, हात समोर घेऊन पाठ गोल करत मागे लोळायचं. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात कोपरापासून तळव्यापर्यंत सपाट आपटायचे, अंगापासून ३० ते ४५ अंशांवर. हात खांद्याच्या रेषेत गेले तर खांदा दुखावतो. श्वास सोडत पडायचं. डोकं टेकणं पूर्ण थांबल्यावरच उकिडवं बसून, आणि उभ्याने पडणं सगळ्यात शेवटी. २० मॅट म्हणजे ५ बाय ४ मीटर, तिथे एका वेळी चौघं, सगळ्यांची डोकी एकाच दिशेला.

मॅटखाली ओल राहिली की मॅट सरकते आणि बुरशी धरते. तास संपला की पुसून, उभ्या करून पंख्याखाली. पावसाळ्यात एकाला गजकर्ण झालं की मॅटवरून इतरांनाही पसरतं. चट्टा दिसला तर मूल मॅटवर नको, बाजूने मोजणी करू दे.

कुमिते_म्हापसा:
जागेचा हिशेब घाला सर. लाथ मारणाऱ्याला पुढे-मागे २ आणि बाजूला दीड मीटर, म्हणजे ३ चौरस मीटर लागतात. १०८ चौरस मीटरमधून मॅटचे २० आणि भिंतीलगतची जागा सोडली तर वीसेक मुलं मावतात. उरलेली मॅटवर पाळीपाळीने पडण्याच्या सरावाला, आणि दर दहा मिनिटांनी गट बदला.

मोकळी कुमिते, म्हणजे जोडीदाराशी खुली लढत, पहिल्या वर्षी नको. एक-पाऊल कुमिते ठेवा: हल्ला करणारा आधी ‘मुख’ की ‘पोट’ ते सांगतो, एकच पाऊल टाकतो, समोरचा अडवून उलट ठोसा चार बोटं अलीकडे थांबवतो. जोडी उंची-वजन पाहून लावा, इयत्ता पाहून नको; आठवीत ३५ किलोचा आणि ६५ किलोचा शेजारी बसतात.

बेडूकउड्या, मुठीवर जोर, फळ्या फोडणं पूर्ण बंद. या वयात हाडांच्या टोकांची वाढ चालू असते. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखतंय म्हणाला तर तो आळस समजू नका, तिथला स्नायूबंध ओढला जातोय. उड्या थांबवा. डोक्याला मार लागून मळमळ, गरगर वाटली तर त्या दिवशी खेळ बंद, पालकांना फोन आणि डॉक्टर.

फोंडेकर_पीटी:
दोघांचेही आभार. कोच बाहेरून येणार. मुलींच्या बाबतीत काय काळजी घ्यावी?

तातामी_डिचोली:
तासाला एक महिला शिक्षिका हॉलमध्येच हवी, स्टाफरूममध्ये नव्हे. कोचने शरीराची ठेवण तोंडाने आणि स्वतः करून दाखवून दुरुस्त करावी. हात लावायचाच तर विचारून, सगळ्यांसमोर. मुलगी नको म्हणाली तर कारण विचारू नये. बांगड्या, कानातलं, गळ्यातली साखळी उतरवणं हा नियम मुलग्यांनाही.

कुमिते_म्हापसा:
पट्ट्याच्या परीक्षेची फी किती आणि कधी, ते कोचकडून जूनमध्येच लेखी घ्या. दर तीन महिन्यांनी नवा पट्टा देणारा कोच पालकांना फार आवडतो, म्हणून सांगतो.